पळणाऱ्यांसाठी वजनं: कमी रेप, जड बार, आठवड्यातून दोनदा

जानेवारी २०१८ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पस्तीस किलोमीटरनंतर पेडर रोडचा चढ लागला, तेव्हा माझा दम शाबूत होता. पाय मात्र संपले होते. शेजारून पळणाऱ्या बाईशी मी पूर्ण वाक्यात बोलत होते, म्हणजे छातीची काही तक्रार नव्हती. पण मांड्या उचलत नव्हत्या. पाऊल जमिनीवर पडलं की उजवा गुडघा आत वळायचा आणि कंबर एका बाजूला कलायची. तो चढ मी चालत चढले. पुढचे तीन महिने ठाणे स्टेशनचा पूल उतरताना त्याच गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला सुरी खुपसल्यासारखं दुखायचं. माझं ऑफिस वाशीला, त्यामुळे ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायला तो पूल रोजचाच.

त्या वेळी मी ४० वर्षांची होते, आज ४८ ची आहे. मधल्या आठ वर्षांत आणखी पाच फुल मॅरेथॉन पळाले आणि गुडघा पुन्हा दुखला नाही. किलोमीटर वाढवून हे झालं नाही. किलोमीटर उलट थोडे कमी केले आणि आठवड्यातून दोनदा जड वजन उचलायला लागले. आमच्या ठाण्यातल्या उपवनच्या रनिंग ग्रुपमधल्या निम्म्याहून जास्त लोकांना मी हे एकेक करून सांगितलंय, आता सगळं एका जागी लिहून ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे, मी २०१८ च्या आधीही जिमला जात होते. तिथल्या ट्रेनरने मला दोन वर्षं दोन-दोन किलोचे डंबेल देऊन पंचवीस-पंचवीस रेपचे चार सेट करायला लावले (रेप म्हणजे तो व्यायाम एकदा करणं, सेट म्हणजे सलग केलेल्या रेपचा गट). मध्ये विश्रांती नाही, घामाघूम होईपर्यंत. कारण काय, तर ‘पळणाऱ्यांना कमी वजन, जास्त रेप’. हे वाक्य ठाण्यापासून बेलापूरपर्यंत कुठल्याही जिममध्ये आजही ऐकू येतं. ऐकायला पटतंही, कारण आपला खेळ दमाचा, मग व्यायामही दमाचाच हवा. पण जरा हिशेब करा. एका फुल मॅरेथॉनमध्ये आपण साधारण ४० हजार पावलं टाकतो. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार एकाच पायावर येतो. म्हणजे हलक्या वजनाचे हजारो रेप आपण रस्त्यावर रोज करतोच आहोत. जिममध्ये जाऊन त्यात आणखी शंभर घातले, तर पायांना नवीन काहीच मिळालं नाही, फक्त थकवा वाढला. जिमने ते द्यावं जे रस्ता देऊ शकत नाही: मोठा भार, थोड्या वेळा, पूर्ण ताजेपणाने.

माझे वडील सांगलीच्या तालमीत वाढलेले. पहाटे दोनशे बैठका आणि शंभर जोर हा त्यांचा नेम होता. बैठकांनी चिवटपणा येतो, सांध्यांना वळण लागतं आणि खांद्यांसाठी जोरासारखा व्यायाम मला अजून दुसरा सापडलेला नाही. पण ज्याला दोनशे बैठका येतात, त्याच्यासाठी दोनशे एकावी बैठक ताकद वाढवत नाही. तालमीतसुद्धा ताकदीसाठी वेगळी साधनं होतीच. करेल म्हणजे फिरवायचे जड मुद्गल होते, गळ्यात घालायची दगडी चाकं होती. भार वाढवत न्यायचा हे आपल्याकडेही जुनंच आहे.

यामागचं शास्त्र थोडक्यात सांगते, कारण कारण पटलं नाही तर माणूस तिसऱ्या आठवड्यात सोडून देतो. १९९९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी चांगल्या धावपटूंच्या सरावाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग काढून तिथे उड्या, छोटे स्प्रिंट आणि झपाट्याने करायचे वजनाचे व्यायाम घातले. नऊ आठवड्यांनी त्यांची पाच किलोमीटरची वेळ सुधारली. गंमत म्हणजे फुप्फुसं-हृदयाची क्षमता, ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात, ती होती तेवढीच राहिली होती. २००८ मध्ये नॉर्वेत धावपटूंना आठवड्यातून तीनदा, जेमतेम चारच वेळा उचलता येईल एवढ्या वजनाने अर्ध्या स्क्वॉटचे, म्हणजे वजन घेऊन अर्धं खाली बसून उठण्याचे, चार सेट करायला दिले. आठ आठवड्यांत त्यांना त्याच वेगाने पळायला सुमारे पाच टक्के कमी ऑक्सिजन लागू लागला. शरीराचं वजन वाढलं नाही.

हे होतं कसं? टाचेची कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी, ही जाड रबरासारखी असते. पाऊल पडलं की ताणली जाते आणि उचलताना त्यातली बरीचशी शक्ती परत देते. कंडरा जितकी ताठ आणि तिला धरून ठेवणारी पोटरी जितकी ताकदवान, तितकी परतफेड जास्त. दुसरं म्हणजे, जड वजन उचलताना मेंदू एकाच वेळी जास्त स्नायूतंतू कामाला लावायला शिकतो. मग रस्त्यावर तेच पाऊल टाकताना प्रत्येक तंतूला कमी राबावं लागतं. तिसाव्या किलोमीटरला पाय शिल्लक राहतात ते यामुळे.

‘पण ताई, मांड्या जाड होतील, पळताना जड वाटेल,’ हा प्रश्न मला बायका आणि पुरुष दोघंही विचारतात. १९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी धावणं-सायकल आणि वजनं दोन्ही एकत्र करणाऱ्यांना दहा आठवडे तपासलं होतं. त्यांचा दम इतरांइतकाच वाढला. अडली ती ताकदीची वाढ, शेवटच्या काही आठवड्यांत. म्हणजे आठवड्याला चाळीस-पन्नास किलोमीटर पळणाऱ्या माणसाचे स्नायू फुगणं मुळातच अवघड आहे. मी ५४ किलोची होते, अजून ५४ किलोचीच आहे.

सुरुवात घरातून

बार हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघा. एका पायावर अनवाणी उभं राहून अर्धा मिनिट स्थिर राहता येतं का. हात न टेकता एका पायाने खुर्चीवरून उठता येतं का, आणि उठताना गुडघा आत पडतो का. भिंतीला दोन बोटं टेकून एका पायावर टाच किती वेळा पूर्ण वर उचलता येते. फिजिओ यात साधारण २५ चा आकडा धरतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा डाव्या पायाने २२ आणि उजव्या पायाने ११ झाले. सात वर्षं पळणाऱ्या बाईचे ११. माझ्या गुडघ्याचं दुखणं कुठून आलं हे त्या दिवशी मला कळलं. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा मणक्याचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जड वजन उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब झटक्यात चढतो, हे हलक्यात घेऊ नका.

पहिले सहा आठवडे घरीच पुरेसे आहेत. वाडा कोलमची दहा किलोची न फोडलेली पिशवी छातीशी धरून खुर्चीपर्यंत स्क्वॉट. पाठीवर सॅक घेऊन, सॅकमध्ये पाच-पाच किलोच्या कणकेच्या दोन पिशव्या टाकून पायरीवर चढ-उतर. पाण्याचा २० लिटरचा जार भरलेला असला की २० किलो होतो. तो दोन पायांमध्ये ठेवून, कंबर मागे ढकलून, पाठ सरळ ठेवून उचलायचा आणि ठेवायचा. तीन सेट, आठ ते दहा रेप, आठवड्यातून दोनदा. या सहा आठवड्यांत ताकदीपेक्षा वळण महत्त्वाचं. पहिल्या वेळेनंतर एक ते तीन दिवस मांड्या दुखतील, जिना उतरताना कळ येईल. ते नेहमीचं आहे, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थांबतं. सांध्यात टोचलं, सूज आली किंवा एकाच बाजूला दुखलं, तर मात्र थांबायचं.

एक व्यायाम जिममध्ये जाऊनही मी अजून आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातच करते, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, तिथला कठडा योग्य उंचीचा आहे म्हणून. पोटरीचा. पायरीच्या कडेवर फक्त चवडा ठेवायचा, दुसरा पाय मागे उचलून घ्यायचा, एका हाताने कठड्याला नुसता आधार. टाच वर न्यायची, अगदी अंगठ्याच्या मुळावर भार येईपर्यंत, करंगळीकडे घसरू द्यायचं नाही. वर एक क्षण थांबायचं. मग एक-दोन-तीन मोजत टाच पायरीच्या पातळीच्या खाली सोडायची, पोटरी ताणली जाईपर्यंत. तिथेही थांबायचं. उसळी मारून वर यायचं नाही, कारण मग काम कंडरा करते, पोटरी करत नाही. बहुतेक लोक इथेच फसतात. घाईघाईत वीस करतात आणि एकही पूर्ण नसते. बारा नीट जमल्या की सॅकमध्ये वजन.

हाच व्यायाम गुडघा थोडा वाकवूनही करायचा. पोटरीचा वरचा उठावदार स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो, त्यामुळे गुडघा वाकला की तो सैल पडतो आणि सगळा भार आतल्या सोलियस नावाच्या स्नायूवर येतो. संथ पळताना सर्वांत जास्त राबतो तो हाच, आणि जिममध्ये सर्वांत दुर्लक्षितही हाच. मशीन असेल तर बसून करायची काफ रेझ, नसेल तर खुर्चीत बसून मांडीवर गुडघ्याजवळ वीस किलोची प्लेट घ्या, खाली टॉवेलची घडी. ज्यांची टाचेची कंडरा आधीच दुखते त्यांच्यासाठी स्वीडनमधली १९९८ ची एक प्रसिद्ध पद्धत आहे. टाच फक्त खाली सोडायची, वर येताना दुसऱ्या पायाची मदत घ्यायची. पंधराचे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तीन गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. धीराचं काम आहे, पण माझ्या वाशीच्या सहकाऱ्याची टाच त्यानेच बरी झाली.

बारपाशी

सातव्या आठवड्यापासून जिम. संध्याकाळी सात ते नऊ रॅक, म्हणजे बार ठेवायची उभी चौकट, मिळत नाही, म्हणून मी रात्री सव्वानऊला जाते. सकाळी जमलं तर उत्तम. माझे पाच व्यायाम आहेत आणि आठ वर्षांत ते फारसे बदललेले नाहीत: स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं), एका पायाचा लंज (एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवत खाली जाणं), पोटरी, आणि काहीतरी ओढण्याचं, म्हणजे डंबेल रो किंवा पुलडाऊन. दर वेळी सगळे करायचे नाहीत. एका दिवशी स्क्वॉट, पोटरी आणि ओढणं. दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट, लंज आणि पोटरी. पाऊण तासात बाहेर.

स्क्वॉटबद्दल फार लिहीत नाही, शिकवणारे पुष्कळ आहेत. आधी डंबेल छातीशी धरून शिका, १६ किलो सहज जमले की बार पाठीवर घ्या. रॅकच्या सेफ्टी पिना, म्हणजे बार खाली आला तर अडवणाऱ्या आडव्या दांड्या, लावल्याशिवाय बारखाली जाऊ नका.

डेडलिफ्टबद्दल मात्र लिहिते, कारण त्याचीच भीती सगळ्यांत जास्त असते आणि पळणाऱ्यांना फायदाही त्याचाच सगळ्यांत जास्त होतो. मला तो शिकवला आत्ताच्या जिममधल्या कळव्याच्या एका तरुण ट्रेनरने. पहिल्या दिवशी त्याने बारला हातच लावू दिला नाही. भिंतीपासून एक वीतभर पुढे उभं केलं, पाठ भिंतीकडे, आणि म्हणाला, ‘ताई, हात बांधलेत आणि मागचं दार बुडाने ढकलायचंय.’ कंबर मागे गेली, भिंतीला टेकली, गुडघे जेमतेम वाकले आणि मांडीची मागची बाजू ताणल्याचं जाणवलं. मग त्याने मला अर्धं पाऊल पुढे सरकवलं. पुन्हा भिंत शोधायची. असं चार वेळा. तिथे डेडलिफ्टचं निम्मं शिक्षण झालं.

बारशी उभं राहिलात की बार बुटाच्या नाडीच्या बरोबर वर हवा, नडगीपासून दोन बोटं लांब. वाकून पकडायचा, मग नडगी बारला लावायची, बार पुढे ढकलायचा नाही. छाती वर, काखेत वर्तमानपत्र धरल्यासारखे दंड घट्ट. पोटात श्वास भरायचा आणि पोट आवळायचं, कोणी गुद्दा मारणार आहे असं समजून. मग बार उचलायचा हा विचारच करायचा नाही, पायांनी जमीन खाली ढकलायची. बार नडगीला आणि मांडीला घासतच वर यायला हवा. शरीरापासून दोन इंच सुटला तरी सगळा भार कमरेवर जातो. वर आलात की सरळ उभं राहायचं, मागे झुकायचं नाही. श्वास सोडा, पुन्हा भरा आणि ज्या वाटेने वर आला त्याच वाटेने खाली. बार हळूच खाली टेकला पाहिजे, आदळायचा नाही. मी २०१८ च्या दिवाळीनंतर ३० किलोने सुरुवात केली, रिकामा बारच २० किलोचा असतो. आज ७० किलोचे पाच रेप होतात. त्यासाठी आठ वर्षं लागली आणि मध्ये कुठेही घाई केली नाही.

आकडे असे. पहिले सहा ते आठ आठवडे तीन सेट आठ रेपचे. त्यानंतर तीन ते चार सेट, चार ते सहा रेपचे. वजन असं निवडायचं की शेवटचा रेप झाल्यावर आणखी दोन जमले असते असं प्रामाणिकपणे म्हणता यावं. ‘दोन शिल्लक’ हा माझा नियम आहे. शिल्लक शून्य झाली तर दुसऱ्या दिवशीचं पळणं गेलं, आणि शिल्लक पाच राहिली तर जिमला जायचा फेरा फुकट गेला. सगळे सेट नीट झाले की पुढच्या आठवड्यात अडीच किलो वाढवायचे. दर चौथ्या आठवड्यात वजन तेवढंच ठेवून सेट निम्मे करायचे.

आणि दोन सेटच्या मधे दोन ते तीन मिनिटं थांबायचं, घड्याळ लावून. पळणाऱ्यांना हे सर्वांत अवघड जातं. आपल्याला थांबायची सवय नसते, धाप लागली नाही तर व्यायाम झाल्यासारखं वाटत नाही. पण इथे धाप लागणं हे काम नव्हेच. घाईत घेतलेला पुढचा सेट हलका होतो आणि सगळी गाडी पुन्हा त्या पंचवीस रेपवर येते. मागे कोणी रॅकसाठी उभं असेल तर त्यांना मधे एक सेट घेऊ द्या, तेवढ्यात तुमची तीन मिनिटं होतात.

पोटाचं वेगळं काही करायचं तर प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर अंग ताठ धरून ठेवणं) आणि एका कुशीवरचा साइड प्लँक, आणि एका हातात जड डंबेल घेऊन चालणं. एका बाजूला वीस किलो धरून सरळ चालताना कमरेची जी बाजू ताठ उभी राहते, तीच पेडर रोडला माझी कलत होती. बाजारातून येताना दोन्ही हातांत पिशव्या वाटून घेतो तसं इथे वाटून घ्यायचं नाही, मुद्दाम एकाच हातात.

उड्या

ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला दहावी आली, ती साताऱ्याच्या माण तालुक्यातली मुलगी. याच प्रकारातलं दुसरं मोठं नाव अविनाश साबळे, बीडचा. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी असते, तीही पूर्ण वेगात, दमलेल्या पायांनी. त्यांच्या घोट्यांकडे बघा. पाय जमिनीला लागतो आणि लगेच सुटतो. ही उसळी आपल्यालाही थोडी मिळवता येते, पण वजनाची दोन-तीन महिन्यांची तयारी झाल्यावरच.

दोरीवरच्या उड्यांपासून सुरुवात करा. गुडघे जवळजवळ सरळ, फक्त घोट्यातून, आवाज कमीत कमी. वीस-वीसचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा, वजनं उचलण्याच्या आधी, पाय ताजे असताना. महिनाभराने एका पायावर. गच्चीवर करत असाल तर पावसाळ्यात शेवाळ बघा. मी २०२१ च्या जुलैत घसरून मनगट दुखावून घेतलं होतं, तेव्हापासून जून ते सप्टेंबर पार्किंगमध्येच करते, बुटांसकट.

दुसरा प्रकार म्हणजे चढावरचे छोटे स्प्रिंट. उपवनवरून येऊरच्या रस्त्याला लागलं की चढ मिळतोच. चांगलं वीस मिनिटं पळून अंग गरम करायचं आणि मग आठ ते दहा सेकंद जीव खाऊन वर, चालत खाली, दोन मिनिटं थांबून पुन्हा. चार वेळा पुरे, फार तर सहा. चढावर पाय आदळत नाही, त्यामुळे सपाट रस्त्यावरच्या स्प्रिंटपेक्षा दुखापतीची भीती कमी. उजाडल्याशिवाय त्या रस्त्याने जाऊ नका, बिबट्याचं जंगल आहे ते. नवी मुंबईकरांना हेच पारसिक हिलवर किंवा खारघरच्या डोंगराकडे करता येतं.

आठवड्यात कुठे बसवायचं

लोक सगळ्यांत जास्त चुकतात ते इथे. हलक्या दिवशी वेळ मोकळा असतो म्हणून जिम हलक्या दिवशी टाकतात. मग एकही दिवस खरा हलका राहत नाही. मी उलट करते. मंगळवारी सकाळी वेगाचं पळणं आणि त्याच रात्री वजनं. दोन्हीमध्ये सहा तासांपेक्षा जास्त अंतर पडतं, पायांना सावरायला वेळ मिळतो. बुधवारी फक्त तलावपाळीला निवांत फेऱ्या, शेजारी बोलता येईल अशा वेगाने. दुसरी जिम आधी मी शुक्रवारी करायची, पण रविवारच्या लाँग रनला मांड्या दगड व्हायच्या, कारण वजनाचं दुखणं दुसऱ्या दिवशीच नाही तर तिसऱ्या दिवशीही टिकतं. म्हणून गुरुवारी आणली. शुक्रवार पूर्ण सुट्टी, शनिवार सकाळी हलकं पळणं, रविवारी लांब. सोमवारी पुन्हा सुट्टी.

एकाच वेळी दोन्ही करावं लागलं, तर ज्या गोष्टीसाठी तो दिवस आहे ती आधी. वेगाच्या दिवशी पळणं आधी, बाकी दिवशी वजनं आधी. वजन उचलून लगेच कडक इंटरव्हल, म्हणजे मधे थांबत वेगाचे तुकडे, पळू नका. आठवडा कोलमडला, घरात पाहुणे आले, मार्चएंडला ऑफिसात रात्र झाली, तर एकदा जरी जिम झाली तरी मिळवलेली ताकद टिकते. मार्च महिना मी दर वर्षी एकदावरच काढते.

सायकलवाल्यांना एवढंच सांगेन की तुम्हाला हे आमच्यापेक्षाही जास्त लागतं. पाम बीच रोडला शंभर किलोमीटर मारून येता, पण पूर्ण वेळ बसून. हाडांवर धक्क्याचा भार येत नाही. स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि थोड्या उड्या तुम्ही सोडूच नका.

बायकांसाठी आणखी एक. पाळी जाण्याच्या वयात हाडांची झीज वेगाने होते. नुसत्या पळण्याने कणा आणि मनगटाच्या हाडांना पुरेसा भार मिळत नाही. माझ्या आईचं खुब्याचं हाड ६९ व्या वर्षी न्हाणीघरात नुसतं पाय घसरून मोडलं, आणि त्यानंतर ती बिनकाठीची कधी चालली नाही. ती आयुष्यभर रोज तासभर फिरायला जायची. चाळिशीच्या पुढच्या माझ्या मैत्रिणींना मी वजनं उचला म्हणून मागे लागते ते शर्यतीतल्या वेळेपेक्षा या कारणासाठी जास्त. आणि पळणाऱ्या मुलींनो, पाळी दोन-तीन महिने चुकली तर ती फिटनेसची खूण समजू नका. खाणं कमी पडतंय, आधी डॉक्टरकडे जा. अशा वेळी वजनांनीही हाड भरत नाही.

खाण्याचं म्हणाल तर शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रोटीन रोज जावं. माझ्यासाठी ८० ग्रॅमच्या वर. आपल्या पोहे-उपमा-पोळी-भाजीत ते होत नाही, हे मला वहीत लिहायला लागल्यावर कळलं, मी तेव्हा जेमतेम ४५ ला पोचत होते. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, वाटीभर घट्ट वरणात ६-७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, शंभर ग्रॅम बांगड्यात २० च्या आसपास, ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये २५. सकाळी अंडी, डब्यात मोड आलेल्या मटकीची उसळ आणि दही, रात्री मासे किंवा सोया घातलेली भाजी, आणि जिमवरून आल्यावर कपभर दूध. पावडरची गरज मला लागली नाही. बुधवारी-रविवारी चेंदणीच्या कोळणीकडून बांगडे येतात, श्रावणात मी पनीर आणि सोयावर जाते.

शर्यतीचा महिना

जानेवारीची शर्यत धरून सांगते. वजन वाढवण्याचा काळ जून ते ऑक्टोबर, कारण पावसात लांब पळणं तसंही अडखळतं. ऑगस्टच्या वर्षा मॅरेथॉनला किंवा साताऱ्याच्या डोंगरावरच्या हाफला जात असाल तर त्या आठवड्यापुरतं हलकं करा, बाकी चालू ठेवा. नोव्हेंबरपासून किलोमीटर वाढतात, तेव्हा वजन तेवढंच ठेवून सेट कमी, तीनाचे दोन. डिसेंबरात आठवड्यातून एकदा. पायांची शेवटची जड वेळ शर्यतीच्या दहा दिवस आधी. त्यानंतर एखाद्या वेळी निम्म्या वजनाने दोन सेट, नुसतं अंग जागं ठेवायला. पूर्ण महिनाभर आधी सोडून देऊ नका. माझ्या ग्रुपमधल्या दोघांनी सहा महिने मेहनत करून डिसेंबरभर जिम बंद ठेवली आणि ऐन शर्यतीत मिळवलेलं बरंचसं गमावून बसले.

शर्यत झाल्यावर दोन आठवडे मी बारला हात लावत नाही. तिसऱ्या आठवड्यात सुरुवात करते ती पूर्वीच्या वजनाच्या साधारण साठ टक्क्यांनी, म्हणजे डेडलिफ्ट ४० ते ४५ किलो, आठ रेपचे दोन सेट. आणि त्या आधी जिन्यात, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, दोन्ही पायांची टाच किती वेळा वर जाते ते मोजून वहीत लिहिते. या वर्षी फेब्रुवारीत डावा २८, उजवा २७.